सांगून झोपव

दादा, ऑक्सिजनचं मशीन काल घेऊन गेले. टेम्पोवाला आला, त्याने नळी गुंडाळली, माझी सही घेतली आणि गेला. पंधरा दिवस त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की तू गेल्यावर ती थांबली तेव्हापासून घर बहिरं झाल्यासारखं वाटतंय. मी तुझ्या कॉटवर बसून राहिले. काही सुचत नाही. धड रडूही येत नाही. नुसता थकवा आहे, हाडांत उतरलेला. तीस वर्षं लोकांना झोपवलं आणि आता बारा दिवसांत मला सलग दोन तास झोप नाही. कपाटात सगळी औषधं आहेत. एकही घ्यावंसं वाटत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, भूलवाल्या बाईलाच भूल लागंना, आता कुणाला बोलवायचं? आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला असतास.

लोक येताहेत अजून. पार अकोले तालुक्यातनंही आले, भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांतून, तू तिकडे बदलीवर होतास तेव्हाचे. प्रत्येकाजवळ तुझी एक तरी गाय आहे. अडलेली गाय, शिंग सडलेला बैल, ऊस खाऊन फुगलेली म्हैस. ते सांगतात, मी ऐकते, चहा होतो, आणि उठता उठता प्रत्येक जण तेच म्हणतो. डॉक्टर झोपंतच गेले, सुटले, नशीब लागतं अशा मरनाला. मी मान डोलावते. आता मान डोलावण्याचाही कंटाळा आलाय.

तू झोपेत गेला नाहीस. तुला मी झोपवलं, आणि न सांगता झोपवलं. कालपर्यंत हे फक्त आपल्या दोघांत होतं. त्यातही तुला ते कळलं की नाही, हे मला माहीत नाही. तेच मला झोपू देत नाही.

आपला वाद जुना. मी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तू नुकता गुरांचा डॉक्टर म्हणून रुजू झाला होतास. सुट्टीत मला स्कूटरवर मागे बसवून वस्त्यावस्त्यांवर न्यायचास. एका वस्तीवर बैलाचं शिंग कापायचं होतं, मुळाशी कर्करोग झालेला. सुई भरलीस, बैलाच्या मानेवर हात ठेवलास आणि म्हणालास, "टोचतोय रं. दुखंल जरा." मग टोचलंस. बैल उभ्या उभ्या डुलायला लागला, लाळ गळायला लागली, डोकं खाली गेलं. मी परत येताना तुझी चेष्टा केली. म्हटलं, बैलाची परवानगी काढत होतास का? तू म्हणालास, परवानगी कुठं मागितली? नुसतं सांगितलं. आपण त्याचं आंगच त्याच्यापासून काढून घेतो थोडा येळ. एवढं तर सांगाया पायजे.

हळूहळू ती सगळ्या गावाची रीतच होऊन बसली. माणसं तुझ्या आधीच बैलाला सांगायची, ए बाबा, आता टोचणार हायेत. तू अकोल्याला गेलास त्या काळात आलेल्या नव्या डॉक्टरने एका गाईला गुपचूप सुई मारली आणि तिने त्याला शेणात लोळवला, तर कुणालाही त्याची दया आली नाही. उलट, "सांगितलं न्हाई ना त्यांनी," असं सगळे म्हणाले. गाईचीच बाजू घेतली गेली.

मी भूलतज्ज्ञ झाले तसा आपला वाद पक्का झाला. मी रुग्णाला म्हणायची, आता छान झोप लागेल हं. तू एकदा माझ्या हॉस्पिटलात कुणाला तरी बघायला आला होतास, ते ऐकलंस आणि बाहेर येऊन म्हणालास, सुमे, खोटं बोलतीस तू. झोपेतला माणूस हाक मारली की उठतो. तुझा उठंल का? मी चिडले. मी तुला औषधांचं सांगायला लागले, मेंदूत काय होतं, काय बंद पडतं. आणि शेवटी माझं हुकमी वाक्य टाकलं. त्यांना काही कळत नाही दादा, काही ऐकू येत नाही, आणि नंतर काही आठवत नाही.

तू सुपारी कातरत होतास. म्हणालास, "आठवत न्हाई म्हंजी झालंच न्हाई असं कसं?"

हे तुझं वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! राखीपौर्णिमेला, तुझ्या लेकीच्या, गौरीच्या लग्नात, वहिनी गेल्या त्या वर्षी. प्रत्येक वेळी मीच जिंकायची, कारण माझ्याकडे मॉनिटर होता, शास्त्र होतं, नि तुझ्याकडे नुसते बैल. तू हरल्यासारखा हसायचास आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करायचास.

मग उसात बिबटे वाढले आणि वनखातं तुला बोलवायला लागलं. मी फक्त एकदाच आले होते. रविवार होता, कोल्हारच्या पुढच्या एका मळ्यात कांद्याच्या चाळीत बिबट्याची मादी शिरली होती. रस्त्यापासूनच गर्दी. माणसं झाडावर, ट्रॅक्टरवर, चाळीच्या पत्र्यावरसुद्धा, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. वनरक्षक भाऊसाहेब काठी घेऊन लोकांना मागे ढकलत होते. तू सुई भरता भरता मला म्हणालास, हिला कशाला? भुलीची गरज ह्या गर्दीला हाय. मी तेव्हा हसले होते.

चाळीच्या फटीतून तू फुंकनळी आत घातलीस. सुई लागली, आतून एक गुरगुराट आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. जाळीत गुंडाळून तिला बाहेर आणली तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते. तू सांगितलंस, ह्या औषधात पापणी मिटत नाही, म्हणून आपण मिटायची. डोळ्यांत थेंब घातलेस, स्वतःचा पंचा ओला करून तोंडावर टाकलास, कानात कापूस घातलास. मग तिच्या बरगड्यांवर तळहात ठेवून मांडी घालून बसलास आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागलास. मी लांब होते, मला शब्द ऐकू आले नाहीत. ती पिंजऱ्यात डोकं वर करेपर्यंत तू उठला नाहीस. घरी आल्यावर मी विचारलं, मंत्र म्हणत होतास का? तू म्हणालास, व्हय, बिबट्याचा मंत्र. आणि विषय बदललास.

तिथे वजनकाटा नसतो, हे तू मला नेहमी सुनवायचास. तुझ्या रुग्णाला तू आधी काट्यावर उभा करतीस, माझा रुग्ण मी दिसंल तेवढाच बघतो. डोस वजनावर ठरतो, आणि दादा, तुझं वजन नजरेचं. पण नजर तयार होती तुझी. लग्नात पंगतीला बसलास की सुरू व्हायचास, नवरदेव बावन्न किलो, फेट्यासकट चोपन्न. नवरीचा मामा पंच्याण्णव, आणि आता जिलेबीनंतर शहाण्णव. लोक मुद्दाम तुझ्यापुढे येऊन उभे राहायचे.

आणि मग फासात अडकलेली ती दुसरी मादी. उसाच्या कडेला रानडुकरांसाठी कुणी तारेचा फास लावला होता, त्यात तिची कंबर सापडली. उसाच्या पाल्यातून तुला फक्त डोकं आणि खांदे दिसत होते. खांदे भरलेले होते. तू त्यावरून वजन धरलंस. पाला बाजूला केला तेव्हा कळलं, पोट पार खपाटीला गेलेलं, रात्रभर ओढून ओढून सगळी ताकद गेलेली. तू दोन तास तिच्याजवळ बसलास. तिने डोकं वर केलं नाही. तू मला फोन केलास आणि एवढंच म्हणालास, सुमे, माझा अंदाज चुकला. मी तुला काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, फासात अडकलेलं जनावर होतं, थकलेलं होतं, असं होतं दादा, आणि तिला काही कळलं नसेल. तू फोन ठेवलास. त्यानंतर तू कुठल्याच लग्नात कुणाचं वजन सांगितलं नाहीस. लोकांनी आग्रह केला तर म्हणायचास, इसरलो आता.

तुझ्या आजाराचं आपण फार बोललो नाही. फुफ्फुसं आखडत चालली होती, काय होणार ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. हॉस्पिटलात नको म्हणालास. मी इथेच सगळं आणलं. मशीन, शिरेतून गुंगीचं औषध सोडणारा पंप, औषधं. भूल देणारी बहीण घरात असल्याचा हा एक फायदा, असं मी म्हणाले, आणि तू म्हणालास, आता तरी काट्यावर उभा कर मला.

त्याच संध्याकाळी तू मला जवळ बसवून घेतलंस. मध्ये मध्ये श्वास घेत बोलत होतास.

"सुमे, गौरी येईस्तोवर मला झोपवू नको. आन् झोपवायची येळ आलीच, तर सांगून झोपव."

मी हो म्हणाले. रुग्णांच्या नातेवाइकांना म्हणते तसं हो. काळजी करू नका, बघू आपण, त्या सुरातलं. तुला ते कळलं असणार. तू माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस.

मंगळवारी सकाळी तुझी लक्षणं बघून मी गौरीला फोन केला. ती पुण्याहून दहाला निघाली. दोन-अडीचला पोचायला हवी होती. राहुरीच्या पुढे उसाची ट्रॉली उलटली होती आणि नगर-मनमाड रस्ता दोन्ही बाजूंनी ठप्प होता. तीनला तिचा फोन आला, आत्या, दोन तास गाडी जागची हललेली नाही. मी फोन तुझ्या कानाला लावला. तू म्हणालास, "ये सावकाश." तुझं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते.

साडेतीनपासून तुला फार दम लागला. मशीन वाढवून उपयोग नव्हता. तू पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसला होतास, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि नजर दारावर. मी असे कितीतरी माणसांचे श्वास पाहिले आहेत. पण ती माणसं माझा दादा नव्हती. एकदा तू माझ्याकडे बघून हात वर केलास. थांब म्हणून, की दे म्हणून, मला कळलं नाही. विचारायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. मी विचारलं नाही. पावणेचारला मी पंपाचा डोस वाढवला.

मी का सांगितलं नाही ते मला पक्कं माहीत आहे. सांगितलं असतं तर तू मान हलवून नको म्हणाला असतास. गौरी येऊ दे म्हणाला असतास. आणि मग मला ते बघत बसावं लागलं असतं. चार-पाच मिनिटांत तुझे खांदे खाली आले. माझेही आले, दादा. तेव्हा मला चाळीपुढच्या गर्दीवरचं तुझं वाक्य आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

तुला मागे टेकवलं, उशा लावल्या, आणि मी पायाशी खुर्ची घेऊन बसले. पंपाकडे बघत, तुझे श्वास मोजत, वहीत लिहीत. अडीच तास. एक शब्द बोलले नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी कोण बोलतं?

गौरी सव्वासहाला आली. दारातच तिला कळलं. तिने विचारलं, आणि मी सांगितलं, चारच्या सुमाराला आपोआपच झोप लागली गं. इतक्या सहज सांगितलं मी! तिने पर्स खाली ठेवली. तुझे डोळे अर्धवट उघडे राहिले होते. तिने रुमाल ओला केला आणि तुझ्या डोळ्यांवर ठेवला. मग तुझ्या बरगडीवर हात ठेवला आणि बोलायला लागली. रस्त्याचं, ट्रॉलीचं, ऑफिसचं, लहानपणी तू तिला स्कूटरच्या पुढे उभी करून न्यायचास त्याचं. मी म्हटलं, ऐकू येत नाही गं आता त्याला. ती म्हणाली, असू दे. आणि बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं दारात आली तेव्हा तू गेलास. तिचा हात तिथेच होता.

नदीवर दहावा झाला त्या दिवशी भाऊसाहेब आले होते. आता निवृत्त झालेत, गुडघे गेलेत, घाटाच्या पायऱ्या धरून धरून उतरले. सगळं आटोपल्यावर माझ्याशेजारी बसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, बिबट्यापाशी बसून दादा पुटपुटायचा काय हो? तुम्ही तर जवळ असायचा.

ते म्हणाले, "त्ये व्हय? आदी सांगता आलं न्हाई, चुकलं माझं. टोचलं मी तुला. उठशील. मी हितंच हाय. एवढंच. परत परत तेच." गुडघा चोळत म्हणाले, "फासातली ती मेली ना, तवापासून उठशील म्हनायचं सोडलं त्यांनी. नुसतं मी हितंच हाय म्हनायचे."

बिबट्याला आधी सांगता येत नाही, हे इतकं साधं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तूही न सांगता टोचत होतास. पण नंतर सांगत होतास. ज्याला ऐकू येत नाही असं तुझी बहीण शपथेवर सांगत होती, त्याला सांगत होतास.

काल मशीन गेल्यावर मी गौरीला सगळं सांगितलं. ती तुझे सदरे घडी करत होती. घड्या करतच राहिली. मग म्हणाली, तू विचारलं असतंस तर बाबा नको म्हणाले असते. मी हो म्हणाले. ती म्हणाली, म्हणजे अडीच तास, आणि तिने बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. तिला कळतं, गौरीला. अडीच तास तू तसा दम खात बसला असतास, तेही तिला दिसत होतं आणि मी तिची भेट घालवली, तेही. ती म्हणाली, मला राग आलाय, आत्या. तो जाईल असं मी आत्ता म्हणणार नाही. मी म्हटलं, नको म्हणू.

तिने चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मग नंतर तरी बोललीस त्यांच्याशी? मी येईपर्यंत?"

"नाही."

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, म्हणजे ते एकटे होते. मी म्हटलं, अगं, मी होते की तिथेच.

"पण त्यांना कुठं माहीत होतं?"

दादा, तीस वर्षं मी हा वाद जिंकत आले. आता मला तो हरायचाय. मला कुणीतरी पुस्तक काढून दाखवावं की ऐकू जातं, आत कुठेतरी पोचतं, म्हणजे निदान गौरीचं बोलणं तुला पोचलं असेल, सव्वासहानंतर तरी तू एकटा नसशील. पण मग पावणेचार ते सव्वासहा तुला माझं गप्प बसणंही ऐकू गेलं असेल. कसंही धरलं तरी सुटका नाही, आणि मी फार दमले आहे.

उद्या तेरावा. परवापासून मला हॉस्पिटलात जायचंय, एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. छान झोप लागेल, असं मी त्यांना म्हणणार नाही. काय म्हणायचं ते ठरलंय. त्या गुंगीत गेल्यावरही म्हणेन, नर्स हसल्या तर हसू देत.

आज गौरी बाजारात गेली आहे. खोलीत ऊन आलंय. कॉटवर तुझा पंचा आहे, तो मी ओला करून आणला. का ते विचारू नको. माझ्या घड्याळात पावणेचार झालेत.

दादा, डोस वाढवतेय. तुला न विचारता, मला बघवत नाही म्हणून. चुकलं माझं. गौरी राहुरीच्या पुढं हाय, येतीय ती. मी हितंच हाय.